महायुद्धाचें निळें आकाश

दुसरें महायुद्ध करड्या आकाशाखालीं लढलें गेलें, अशी एक समजूत आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत नकळत घर करून बसलेली असते. कोणी सरळ विचारलेंच, तर आपण अर्थात् हंसूं, आणि तेव्हांहि गवत हिरवें व रक्त तांबडेंच होतें असें उत्तर देऊं. पण हें बुद्धीचें उत्तर झालें. डोळ्यांस विचारावें तर ते निराळेंच सांगतात. डंकर्कच्या किनाऱ्यावरील रांगा, लंडनच्या भुयारी स्थानकांत निजलेलीं माणसें, स्टालिनग्राडचे पडके वाडे, हें सारें आपण इतक्या वेळां काळ्या-पांढऱ्यांत पाहिलें आहे कीं, त्या सहा वर्षांत सूर्य कधीं नीट उगवलाच नसावा असें वाटूं लागतें. अशा डोळ्यांपुढें त्याच काळांतलें एखादें रंगीत छायाचित्र अवचित आलें म्हणजे एक गोड धक्का बसतो. तो गोड कां लागतो, आणि गोड लागावा कीं नाहीं, असे दोन प्रश्न त्यांतून निघतात. पैकीं दुसरा अधिक अवघड आहे, आणि खरें म्हणजे त्याच्याचसाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली.

उदाहरणादाखल एकच चित्र घेऊं. अमेरिकेंत टेनेसी संस्थानांतल्या नॅशव्हिल शहरीं व्हल्टी कंपनीचा विमानांचा कारखाना होता. तेथें १९४३ च्या फेब्रुवारींत आल्फ्रेड पामर ह्या सरकारी छायाचित्रकारानें एका कृष्णवर्णीय तरुणीचें चित्र घेतलें. 'व्हेंजन्स' नांवाच्या बाँबफेकी विमानावर ती काम करीत आहे. हातांत भोंकें पाडण्याचें यंत्र आहे आणि नजर कामावर खिळली आहे. चित्रांत याहून अधिक कांहीं घडत नाहीं. पण तिच्या कातडीवर पडलेला उजेड आणि धातूच्या पत्र्याची ती थंड झांक पाहिली कीं, मध्यें ऐंशीं वर्षें गेलीं आहेत हें मन मानीतच नाहीं. ती बाई इतिहासांतली राहत नाहीं; शेजारच्या खोलींतली होते. ह्या चित्राशीं आपला थोडा संबंधहि आहे. व्हेंजन्स जातीचीं विमानें अमेरिकन सैन्यानें स्वतः लढाईंत फारशीं वापरलीं नाहींत. तीं ब्रिटिशांकडे व हिंदी हवाई दलाकडे आलीं, आणि दलाच्या सातव्या व आठव्या पथकांनीं १९४४ च्या सुमारास तीं ब्रह्मदेशच्या आघाडीवर चालविलीं. त्या तरुणीनें भोंकें पाडलेला पत्रा आराकानवरून उडालाच असेल, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो उडाला असणें अशक्य नव्हतें, आणि एवढी शक्यताहि चित्राकडे दुसऱ्यांदा पाहावयास लावते.

रंगानें असें होतें तरी काय? सोपें उत्तर असें कीं, जग रंगीत आहे म्हणून रंगीत चित्र जगासारखें दिसतें. आम्हांस हें पुरेसें वाटत नाहीं. मध्यमवर्गीय मराठी घरांच्या जुन्या भिंती आठवाव्या. रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती रंगीत. त्यांच्या शेजारीं चंदनी हारांतले आजोबा-पणजोबा मात्र काळे-पांढरे. देव रंगांत आणि पितर छायेंत, अशी ती वांटणी असे. क्वचित् एखाद्या हौशी स्टुडिओवाल्यानें आजीच्या फोटोंतल्या लुगड्याला आपल्या हातानें हिरवा रंग दिलेला असे, आणि तें लुगडें मुळांत अंजिरी होतें अशी तक्रार आजीनें जन्मभर केलेली असे. अशा भिंतींखालीं वाढलेल्या डोळ्याला एक व्याकरणच शिकविलें जातें. काळें-पांढरें तें होऊन गेलेलें. रंगीत तें चालू असलेलें. युद्धकाळांतील रंगीत चित्र हें व्याकरण मोडतें. त्यांत क्रियापद वर्तमानकाळीं असतें, आणि कर्ता बहुधा केव्हांच मेलेला असतो. धक्का बसतो तो ह्या चुकीच्या काळामुळें. आणि ज्याला आपण गेलेला समजत होतों तो अजून दारांत उभा आहे, असा क्षणभर भास होतो म्हणून तो गोड लागतो.

अलीकडे जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत यंत्राकडून रंग भरवून घेण्याची टूम निघाली आहे. पीटर जॅक्सननें २०१८ सालीं पहिल्या महायुद्धाच्या जुन्या फिती रंगवून एक चित्रपट केला, आणि त्याची मेहनत पाहून आम्हीहि थक्क झालों. पण स्टुडिओवाल्याच्या हिरव्या लुगड्याची आठवण आम्हांस झाल्यावांचून राहिली नाहीं. यंत्र अंदाज करतें, आणि अंदाज कितीहि चांगला असला तरी तो साक्षीदार होत नाहीं. पामरच्या चित्रांतला रंग मात्र त्या खोलींत, त्या दिवशीं, त्याच प्रकाशानें ठरविला होता. ह्याचा अर्थ तो रंग निसर्गाची हुबेहुब नक्कल होता असा मात्र नव्हे. त्यांतला तांबडा जरा जास्तच पिकलेला, छाया जरा जास्तच गडद. प्रत्येक फिल्मला स्वतःची अशी एक चव असते, आणि ती चव हाहि ह्या आवडीचा एक भाग आहे.

ही चव आली कोठून, ती कथा मोठी मजेची आहे. कोडाक कंपनीची 'कोडाक्रोम' ही फिल्म १९३५ सालीं चलच्चित्रांसाठीं, आणि पुढल्या वर्षीं साध्या कॅमेऱ्यांसाठीं बाजारांत आली. तिचे जनक दोन, आणि दोघेहि पेशानें वादक: लिओपोल्ड मॅनेस पियानो वाजवीत, लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिन. काळोख्या खोलींत घड्याळ दिसत नसे, म्हणून ब्राह्म्सच्या एका सिंफनीचा शेवटचा भाग ठराविक लयींत शिटीवर वाजवून ते रसायनांची वेळ मोजीत, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे ज्यांनीं गवयाला बोटांवर मात्रा मोजतांना पाहिलें आहे, त्यांना ती अविश्वसनीय वाटूं नये. ह्या फिल्मची खुबी अशी कीं, कॅमेऱ्यांत असतांना तिच्यांत रंग नसतोच. तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठीं एकावर एक असे तीन थर असतात, आणि तिन्ही वस्तुतः काळे-पांढरेच. रंग मागाहून, फिल्म धुतांना, एकेका थरांत भरावा लागतो. आणि तें धुणें इतकें किचकट कीं, घरच्या घरीं तें करण्याची सोयच नव्हती. गिऱ्हाइकानें फिल्म कंपनीकडे पाठवावी आणि कंपनीनें ती धुवून टपालानें परत करावी, असा अमेरिकेंत रिवाज होता. त्याच सुमारास, १९३६ सालीं, जर्मनींत 'आग्फाकलर' निघाली. तिच्या थरांतच रंगाचें बीज असल्यामुळें ती धुण्यास सोपी होती. पण टिकाऊपणांत कोडाक्रोमचा हात कोणी धरला नाहीं. अंधारांत नीट जपून ठेविलेले तिचे रंग अजून ताजे आहेत.

तिचा वेग मात्र फारच कमी. आजच्या मोजमापानें तो अवघा १० भरेल. म्हणजे भर उन्हांत ठीक, सांवलींत अवघड, आणि दिवेलागणीला जवळ जवळ अशक्य. ह्या एका तांत्रिक गोष्टींतून पुष्कळ कांहीं निष्पन्न झालें. रंगाला ऊन पाहिजे, नाहींतर मोठाले दिवे. शिवाय समोरच्यानें शक्य तितकें स्थिर राहिलें पाहिजे. लढाई ह्या अटी क्वचितच पाळते. पहिल्या महायुद्धांत तर ही अडचण याहूनहि मोठी होती. तेव्हां ल्युमिएर बंधूंनीं १९०७ सालीं विकावयास काढलेल्या कांचा वापरीत. त्यांवर बटाट्याच्या पिठाचे रंगविलेले सूक्ष्म कण पसरलेले असत, आणि चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत. त्यामुळें फ्रेंच लष्करानें घेतलेल्या रंगीत चित्रांत पडक्या इमारती आहेत, विसांवा घेणारे शिपाई आहेत, १९१७ सालच्या रीम्स शहरांत बंदुकांच्या शेजारीं बाहुलीशीं खेळत बसलेली एक लहान मुलगी आहे. पण चढाई दिसत नाहीं. दुसऱ्या युद्धांतहि फार फरक पडला नाहीं. रॉबर्ट कापा १९४१ पासून रंगीत फिल्म जवळ बाळगी. पण ती धुवून यावयास आठवडे लागत आणि तोंपर्यंत बातमी शिळी होई. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यानें घेतलेलीं जीं जगप्रसिद्ध चित्रें आहेत, तीं काळीं-पांढरींच. पुढल्याच महिन्यांत इटलींत, टायबर नदीच्या खोऱ्यांत, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे साथीदार पडल्यावर एकटेच मशीनगनच्या मोर्च्यावर धांवून गेले आणि तेथेंच पडले. अशा धांवेला 'अंमळ थांबा, दिवा लावतों' असें कोण म्हणणार?

तेव्हां ह्या युद्धाचा रंग हा बहुतांशीं पिछाडीचा रंग आहे; कारखाने, विमानतळ, रेल्वेचीं यार्डें, इस्पितळें. तोहि हात आंखडूनच मिळालेला. ब्रिटिश माहिती-खात्याला १९४२ पासून थोडीशी कोडाक्रोम अमेरिकेकडून मिळूं लागली. तीन वर्षांत तिच्यावर सुमारें ३००० चित्रें निघालीं, आणि त्यांपैकीं निम्मींच १९४९ सालीं लंडनच्या इंपीरिअल वॉर म्यूझियमकडे पोंचलीं. पृथ्वीभर पसरलेल्या युद्धाला तीन हजार रंगीत चित्रें! अमेरिकन सरकारच्या छायाचित्रकारांनीं त्या वर्षांत घेतलेलीं सुमारें १६०० वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत आहेत. पामरचें चित्र त्यांतलेंच.

पामरचीं चित्रें नाटकाच्या रंगभूमीसारखीं आहेत. दिवे नेमके, चेहरे स्वच्छ, केंस रुमालांत नीट बांधलेले, ओठ रंगविलेले. आम्हांस स्वतःला त्याच्यापेक्षां जॅक डेलानो अधिक आवडतो. आयोवा संस्थानांतल्या क्लिंटन गांवीं, १९४३ च्या एप्रिलांत, इंजिनें पुसून काढणाऱ्या बायका जेवणाच्या सुटींत बसलेल्या त्यानें टिपल्या आहेत. त्या खरोखर दमलेल्या दिसतात, आणि आपला फोटो कशासाठीं निघतो आहे ह्याची त्यांना फारशी पर्वा दिसत नाहीं. पामरच्या तरुणीला मात्र तें कारण सुटलें नाहीं. सरकारला कारखान्यांत बायका हव्या होत्या. शिवाय १९४१ च्या जूनमध्यें रूझवेल्टनें हुकूम काढून युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेदास मनाई केली होती, आणि ती मनाई पाळली जात आहे असें दिसणेंहि जरूर होतें. त्याच टेनेसींत काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेंच वेगळ्या होत्या, ही गोष्ट चित्राच्या चौकटींत कोठून येणार? चित्र त्यामुळें खोटें ठरत नाहीं. ती बाई खरी, ते हात खरे, तें कामहि खरें. पण रंग भरघोस असला म्हणजे चौकटीबाहेरचा काळोख विसरणें फार सोपें जातें.

आणि ज्या वर्षीं नॅशव्हिलच्या त्या खोलींत दिवे लागले, त्याच १९४३ सालीं बंगालमध्यें माणसें अन्नावांचून रस्त्यावर पडूं लागलीं होतीं. तो दुष्काळ आणि त्यामागून आलेले रोग मिळून २० ते ३० लाख जीव गेले. सुनील जाना यांनीं त्या उपाशी माणसांचीं छायाचित्रें घेतलीं. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नें त्या ऑगस्टांत रस्त्यांवरील दृश्यांचीं चित्रें छापून सरकारला लाज आणली. सारीं काळीं-पांढरीं. तेथें रंगीत फिल्म पाठवावी असें कोणाच्या मनांत येण्याचें कारणच नव्हतें. मघांचें व्याकरण येथें पुन्हां आठवावें. एकाच वर्षांतलीं हीं दोन दृश्यें. पण नॅशव्हिलची तरुणी वर्तमानकाळांत काम करीत आहे, आणि बंगालची माता भूतकाळांत मेली आहे. शिधापत्रिकेवर साखर मिळावी तसा त्या दिवसांत वर्तमानकाळहि वांटून मिळत होता, आणि वांटणारे हात ठरलेले होते.

ह्या वांटणीचें सर्वांत भयंकर उदाहरण पोलंडमधील लॉड्झ शहराचें आहे. जर्मनांनीं १९४० सालीं तेथील ज्यू लोकांना एका वस्तींत कोंडलें. पुढल्या चार वर्षांत दोन लाखांवर माणसें त्या वस्तींतून गेलीं, त्यांतलीं बहुतेक मरणाकडे. वस्तीच्या जर्मन कारभारांत वॉल्टर गेनेवाइन नांवाचा एक ऑस्ट्रियन हिशेबनीस होता. त्याला फोटोंचा नाद. त्यानें आग्फाकलरवर वस्तीचीं शेंकडों चित्रें घेतलीं: कामाच्या शाळा, शिवणयंत्रें, टोप्यांचे ढीग, गांठोडीं घेऊन आलेल्या माणसांच्या रांगा, आणि आपल्या टेबलाशीं बसलेला तो स्वतः. त्यांपैकीं चारशेंच्या आसपास पारदर्शिका १९८७ सालीं व्हिएन्नांतल्या एका जुन्या पुस्तकांच्या व वस्तूंच्या दुकानीं सांपडल्या. त्याचीं पत्रेंहि राहिलीं आहेत. आग्फा कंपनीकडे त्यानें तक्रार केली होती, आणि ती कशाबद्दल? चित्रांवर तांबूस-तपकिरी झांक येते, तिचें कारण काय, ह्याबद्दल. कोट्यांवर शिवलेला तारा पिवळा हवा तसा पिवळा येत आहे कीं नाहीं, ह्याची काळजी असलेला हा मनुष्य त्या ताऱ्याखालच्या माणसांना धान्याच्या आणि मजुरीच्या हिशेबांत मांडीत होता.

ह्या चित्रांकडे पाहतांना आमची पंचाईत होते ती अशी कीं, तीं चांगलीं आहेत. प्रकाश चांगला, रचना चांगली, आणि तो गोड धक्काहि अगदीं तसाच बसतो. डोळा मनाला न विचारतां आपला आनंद घेऊन मोकळा होतो. त्याच वस्तींत मेंडेल ग्रॉसमन आणि हेन्रिक रॉस हे दोन ज्यू छायाचित्रकार होते. वस्तीच्या कचेरींतली त्यांची नोकरी ओळखपत्रांचे फोटो काढण्याची. पण जीव धोक्यांत घालून त्यांनीं उपासमार टिपली, प्रेतें टिपलीं, गाड्यांकडे हांकलेली माणसें टिपलीं. रॉसनें १९४४ सालीं आपल्या निगेटिव्ह जमिनींत पुरल्या आणि युद्ध संपतांना त्या उकरून काढल्या. कांहीं पाण्यानें कुजल्या होत्या. तीं चित्रें काळीं-पांढरीं. म्हणजे वस्ती एकच; पण हिशेबनिसाच्या वाट्याला रंग आला, आणि ज्यांचा हिशेब होत होता त्यांच्या वाट्याला छाया. दारिउश याब्वोन्स्की ह्या पोलिश दिग्दर्शकानें १९९८ सालीं ह्या प्रकरणावर जो चित्रपट केला, त्यांत त्यानें पारदर्शिका रंगीत ठेविल्या आणि आजचें शहर काळ्या-पांढऱ्यांत दाखविलें. तेथील वस्तींतून वांचलेले एक वृद्ध डॉक्टर त्यांत बोलतात, आणि पडद्यावरचे सुंदर रंग व त्यांच्या स्मरणांतली वस्ती ह्यांचा मेळ बसत नाहीं. वर्तमानकाळ कोणाचा, हा प्रश्न इतक्या कमी शब्दांत विचारलेला आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं.

मग हा गोडवा टाकूनच द्यावा काय? आमच्या वर्गांतल्या मुलामुलींना आम्हीं हीं चित्रें दाखविलीं तेव्हां एकीनें तसें स्पष्ट म्हटलें: असल्या चित्रांचे रंग काढून टाकावे, म्हणजे मोह होणार नाहीं. उत्तर तेजस्वी खरें. पण तें आम्हांस मान्य होईना, ह्याचें कारण बिल मॅनबो. हा जपानी वंशाचा अमेरिकन मेकॅनिक, कॅलिफोर्नियांतला. पर्ल हार्बरनंतर १९४२ सालीं पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत नेलें, त्यांत तो, त्याची बायको आणि लहान मुलगाहि होता. वायोमिंग संस्थानांतल्या हार्ट माउंटन छावणींत त्यांची रवानगी झाली. दहा हजारांवर माणसें तेथें होतीं. आरंभीं त्यांना कॅमेरा बाळगण्याची बंदी होती. पुढें ती सैल झाली, आणि मॅनबोनें कोडाक्रोम भरून चित्रें घेण्यास सुरुवात केली. २०१२ सालीं त्यांतल्या कित्येकांचें एक पुस्तक निघालें.

त्यांत किमोनो नेसून नाचणाऱ्या मुली आहेत; त्या किमोनोंचे रंग काळ्या-पांढऱ्यांत पार मेले असते. कुस्त्या आहेत, मिरवणुका आहेत, डांबरी कागदानें मढविलेल्या बराकींच्या रांगा आहेत, आणि त्यांवर वायोमिंगचें अफाट निळें आकाश. एका चित्रांत त्याचा लहानगा मुलगा कांटेरी तारेला धरून उभा आहे. त्या मुलाला ओळीनें दोन-तीनदां पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथें कोणी कोणाला स्थिर उभें केलेलें नाहीं आणि कसला हिशेबहि चाललेला नाहीं. बाप आपल्या पोराचा फोटो घेत आहे, इतकेंच. ऊन चांगलें होतें आणि फिल्म महाग होती. गेनेवाइन आणि मॅनबो हे दोघेहि हौशी. दोघांच्या कॅमेऱ्यापुढें कुंपण होतें. दोघांचीं चित्रें डोळ्याला सारख्याच तऱ्हेनें सुखवितात. रंगाकडे पाहून त्यांतला फरक कळत नाहीं. कुंपणाच्या कोणत्या बाजूला कॅमेरा उभा होता, हें चित्राबाहेर जाऊन विचारावें लागतें. आमच्या विद्यार्थिनीला आम्हीं मॅनबोचें पुस्तक दिलें. तिनें तें आठवडाभर ठेविलें, आणि परत करतांना फक्त त्या मुलाचें पुढें काय झालें एवढेंच विचारलें.

कोडाक्रोम तयार करणें कंपनीनें २००९ सालीं बंद केलें. ती धुणारी जगांतली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांतल्या पार्सन्स नांवाच्या लहानशा गांवीं होती. फिल्म स्वीकारण्याचा अखेरचा दिवस तिनें ३० डिसेंबर २०१० हा ठरविला, आणि जगभरच्या लोकांनीं कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या डब्या शोधून शोधून तिकडे धाडल्या. आलेला तो ढीग उरकावयास पुढचें वर्ष उजाडलें. त्यानंतर तीं रसायनें बनलीं नाहींत. एखाद्या शिपायाच्या ट्रंकेंत त्या युद्धांतली न धुतलेली एखादी कोडाक्रोम आजहि सांपडली, तर तिच्यावरचें चित्र बाहेर काढणारीं माणसें आहेत. पण तें काळें-पांढरें निघतें.